एस वरून सुरू होणारी इंग्लिश गाणी सुचवा (गणपतीतल्या अंताक्षरीसाठी, आणि ऐकण्यासाठीही)

भाट्येकर_निल

नमस्कार मंडळी. गणपतीला पावसजवळच्या आमच्या मूळ घरी सगळे चुलत, आते, मामे जमतात आणि आरत्या, भजन, जेवणं उरकली की रात्री ओटीवर अंताक्षरी हे ठरलेलंच. यंदा मुंबईच्या पोरांनी ग्रुपवर नवीन टूम काढलीय की एक राउंड इंग्लिश गाण्यांचा हवा, पण शेवटच्या अक्षरावरून पुढचं गाणं असं नाही, प्रत्येक गटाला चिठ्ठी टाकून एक इंग्लिश अक्षर द्यायचं आणि गाण्याचं नाव त्याच अक्षरावरून सुरू झालं पाहिजे. नुसतं नाव सांगून मार्क नाहीत, दोन ओळी गायच्या आणि त्या गाण्याबद्दल एक खरी गोष्ट सांगायची. आमच्या गटाला एस आलाय. गटात मी, बायको, दोन काकू, आत्या आणि नववीतला पुतण्या.

मला पटकन आठवलं ते समर ऑफ सिक्स्टी नाइन, कारण कॉलेजात गॅदरिंगला कोणी ना कोणी ते म्हणायचंच. पुतण्या म्हणाला शेप ऑफ यू. बायकोने ॲडेलचं समवन लाइक यू सांगितलं. तिथे गाडी थांबली.

पण मला हे नुसतं स्पर्धेपुरतं करायचं नाहीये. कितीतरी वर्षं मनात आहे की पाश्चात्त्य गाणी नीट ऐकायची, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, एकदा ॲपवर एक गाणं लावलं की पुढे ते त्याच्यासारख्याच आवाजाची दहा गाणी लावत बसतं आणि आपण त्याच गल्लीत फिरत राहतो. आता एक अक्षर हातात आलंय तर म्हटलं तेच धरून बघू. म्हणून नुसती यादी नको, का ऐकायचं ते दोन वाक्यांत सांगा. जुनं नवीन काहीही चालेल. आणि नियमांबद्दल पण सांगा, नावाच्या आधी 'द' असेल तर ते टी मध्ये जातं की एस मध्ये? कंस असेल तर? कारण आमच्याकडे भांडणं होणार हे नक्की.

---

सूर_सावंतवाडी

निलदादा, आधी नियम. 'द' धरायचा नाही. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात आणि लायब्ररीत पण नावं लावताना द, अ, ॲन सोडूनच लावतात, त्यामुळे द साउंड ऑफ सायलेन्स तुमच्या एस मध्ये बिनधास्त घ्या. कंसात असलेले शब्द नावाचाच भाग असतात, ते धरायचे. आणि स्पेलिंग बघा, उच्चार नाही, म्हणजे समोरचे 'सिसिलिया' म्हणाले तर ते सी मध्ये गेलं, आणि शी, शेप, शुगर वगैरे सगळी श वाली तुमची. हे आधीच ग्रुपवर लिहून टाका, नंतर ऐनवेळी कोणी ऐकत नाही.

मी इथे गिटार शिकवतो, त्यामुळे मला गाणी हातातून आठवतात. एस वर तर गिटारवाल्यांची चैन आहे. पहिलं स्मोक ऑन द वॉटर. डीप पर्पल हा इंग्लंडचा बँड डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडला माँत्रोला रेकॉर्डिंग करायला गेला होता, तिथल्या कसिनोत त्यांचा प्लॅन होता. त्याआधी तिथे फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन उडवली, छताला आग लागली आणि अख्खा कसिनो जळून गेला. समोर जिनिव्हा सरोवर, पाण्यावर धुराचा थर पसरलेला हे लोक हॉटेलमधून बघत होते. ते दृश्य म्हणजेच गाण्याचं नाव. गाण्यात पूर्ण हकीकत क्रमाने सांगितलीय, कोण आलं, काय जळलं, मग रेकॉर्डिंग कुठे केलं. माझ्याकडे येणारं प्रत्येक पोरगं पहिल्या आठवड्यात हीच सुरुवातीची धून वाजवायला मागतं, आणि ती वाजवायला सोपी आहे म्हणून कमी समजू नका, एका वेळी दोन तारा धरून वाजवायची, त्यांचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर तर प्लेक्ट्रम (तारा छेडायची छोटी चकती) न वापरता बोटांनी छेडायचा, त्यामुळे दोन्ही स्वर एकदम सुटतात. तो एकदम सुटण्याचा आवाज कान देऊन ऐका.

दुसरं सुल्तान्स ऑफ स्विंग, डायर स्ट्रेट्स, १९७८. त्या बँडच्या गायक-गिटारवाल्या मार्क नॉफ्लरने लंडनच्या डेटफर्ड भागात एका पबमध्ये जॅझ वाजवणारी साधी मंडळी बघितली, ऐकायला जवळजवळ कोणी नाही, आणि शेवटी त्यांनी मोठ्या थाटात आपल्या बँडचं नाव जाहीर केलं. त्या लोकांवर गाणं आहे. दिवसभर कामधंदा करून रात्री वाजवणाऱ्यांबद्दल इतक्या आपुलकीने लिहिलेलं गाणं मला दुसरं माहीत नाही. आपल्याकडे दशावतारात दिवसा शेतात राबून रात्री राजा होणारी माणसं आहेत, मला ते ऐकताना हटकून तीच आठवतात. नॉफ्लर पण बोटांनीच वाजवतो. शेवटची सोलो हेडफोन लावून ऐका, घाई करू नका.

गायला सोपं हवं असेल तर स्टँड बाय मी, बेन ई. किंग, १९६१. चार कॉर्ड, ए, एफ शार्प मायनर, डी, ई, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच फिरत राहतं. सुरुवातीची बेसची चाल ऐकली की काकूंना पण ओळखीची वाटेल. टाळ्या कुठे पडतात ते आपोआप कळतं, अख्खी ओटी गाऊ शकेल असं गाणं आहे ते.

---

कॅसेटवाला_चिपळूण

फार आवडला धागा. मी कॅसेटच्या काळापासून हेच करत आलोय, माझ्याकडे कप्पे गायकाप्रमाणे नव्हते, गाण्याच्या पहिल्या अक्षराप्रमाणे वहीत नोंदी होत्या. लोक विचारायचे याचा उपयोग काय. उपयोग असा की अक्षराला काहीच माहीत नसतं. त्याला जॅझ माहीत नाही, रॉक माहीत नाही, गोरा काळा माहीत नाही, जुनं नवं माहीत नाही, त्यामुळे ज्यांची एरवी कधी गाठ पडली नसती ती गाणी शेजारी येऊन बसतात आणि आपण जे स्वतःहून कधीच लावलं नसतं ते ऐकतो. तुम्ही म्हणता ना एकाच गल्लीत फिरतो, त्याला यापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही.

एसच घ्या. एका बाजूला स्मेल्स लाइक टीन स्पिरिट, निर्वाणाचं, १९९१ चं, आरडाओरडा, गिटारचा कल्लोळ, आणि वहीत त्याच्याच खाली स्ट्रेंज फ्रूट, बिली हॉलिडे, १९३९. हे दुसरं मी मुद्दाम सांगतोय. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसांना जमाव पकडून झाडाला फासावर लटकवायचा, त्यावर न्यूयॉर्कमधल्या एबेल मीरोपोल नावाच्या शाळामास्तराने कविता लिहिली, चाल लावली, आणि बिली हॉलिडे ते कॅफे सोसायटी नावाच्या क्लबमध्ये गायला लागली. तिची नेहमीची रेकॉर्ड कंपनी हे गाणं करायला तयार झाली नाही, मग कमोडोर नावाच्या छोट्या कंपनीने केलं. गाण्यात ती कुठेही आवाज चढवत नाही. थंडपणे एकेक गोष्ट दाखवत जाते आणि म्हणूनच ऐकवत नाही. कृपा करून हे अंताक्षरीत घेऊ नका, ते त्या जागेचं गाणं नाही. पण ऐका नक्की, एकट्याने, आणि लगेच दुसरं काही लावू नका.

आता शोधायचं कसं ते सांगतो, कारण लोकांनी दिलेल्या याद्या संपतात. अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या दरवर्षीच्या लोकप्रिय गाण्यांच्या याद्या नेटवर मिळतात. एक साल घ्यायचं, त्यातली फक्त एसची गाणी वेगळी काढायची, मग दहा वर्षं पुढे जायचं, परत तेच. म्हणजे एका बसणीत १९६५, ७५, ८५, ९५ असे आवाज बदलत जातात आणि ड्रम कसे बदलले, आवाज माइकच्या किती जवळ आला हे आपलं आपल्याला कळायला लागतं, कोणी शिकवावं लागत नाही. दुसरं, एकच गाणं निरनिराळ्या लोकांनी गायलेलं असेल तर आधी मूळ ऐकायचं मग बाकीची. आणि तिसरं, ज्या गाण्याचं नाव वाचून काहीच अंदाज येत नाही ते आधी लावायचं.

द साउंड ऑफ सायलेन्सचं वर नाव आलंच आहे म्हणून सांगतो, ते दोनदा ऐका. सायमन आणि गारफंकलने १९६४ मध्ये फक्त गिटार आणि दोन आवाजांत केलेलं, ती रेकॉर्ड चालली नाही, दोघं वेगळे झाले, पॉल सायमन इंग्लंडला निघून गेला. १९६५ मध्ये टॉम विल्सन या प्रोड्युसरने त्यांना न विचारता त्याच रेकॉर्डिंगवर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम चढवले, आणि जानेवारी १९६६ मध्ये ते अमेरिकेत एक नंबरला गेलं. गाणारे आवाज तेच, रेकॉर्डिंग तेच, तरी दोन वेगळी गाणी वाटतात. मला पहिलं जास्त जवळचं.

आणि पुतण्याला स्पेस ऑडिटी ऐकवा. डेव्हिड बोवी, ११ जुलै १९६९ ला बाजारात आलं, अपोलो ११ सुटलं १६ जुलैला. अवकाशात गेलेला माणूस आणि जमिनीवरचं केंद्र यांचं बोलणं आहे सगळं. २०१३ मध्ये क्रिस हॅडफील्ड या कॅनडाच्या अंतराळवीराने तेच गाणं खरोखर अंतराळ स्थानकात गिटार घेऊन गायलं, व्हिडिओ आहे. नववीतल्या पोराला याहून चांगली खरी गोष्ट सांगायला कुठली मिळणार.

---

भाट्येकर_निल

सावंतवाडीकर, कॅसेटवाले काका, काय लिहिलंय दोघांनी! स्पेस ऑडिटीचा तो व्हिडिओ आत्ताच पुतण्याला पाठवला, त्याचा लगेच फोन आला की हे मी म्हणणार, दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही. स्ट्रेंज फ्रूट काल रात्री ऐकलं. त्याबद्दल नंतर लिहीन, आत्ता जमणार नाही.

एक विचारायचं होतं, आपल्या समुद्रावर, होड्यांवर, खाडीवर असं काही एस मध्ये आहे का? काकूंना शब्दांपेक्षा गोष्ट कळली की गाणं आवडतं, आणि समुद्राचं असेल तर त्या लगेच धरतील.

---

बाबल_वेंगुर्लेकर

बरां केलंस हो धागो काढलंस. आमच्या वयाच्या माणसाक कोण इंग्लिश गाण्यांबद्दल विचारणत नाय. पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो.

आमच्याकडे रेडिओवर मुंबईपेक्षा पणजी स्वच्छ लागायची, तिथे इंग्लिश गाणी लागायची, आणि पुढे मी बोटीवर नोकरीला लागलो तेव्हा तर ती सोबतच झाली. समुद्राची म्हणशील तर एस मध्ये तीन आहेत, तिन्ही एकमेकांपासून लांब.

सेलिंग, रॉड स्ट्यूअर्टचं, १९७५. गॅव्हिन सदरलँडने लिहिलेलं आणि आधी सदरलँड भावांनी स्वतःच गायलेलं, पण जगभर गेलं ते रॉडच्या घोगऱ्या आवाजात. ते रेकॉर्ड झालं अमेरिकेत, अलाबामात, समुद्रापासून चांगलं लांब. पुढे बीबीसीने आर्क रॉयल या विमानवाहू जहाजावर मालिका केली तिचं ते गाणं झालं, मग नौदलवाल्यांनी आपलंच मानलं. संथ आहे, शब्द थोडे आहेत, परत परत येतात. तुझ्या काकूंना हेच दे. शेवटी सगळ्यांचे आवाज एकत्र चढत जातात तिथे घरभर माणसं असली की अंगावर काटा येतो, मी जहाजावरच्या मेसमध्ये वेगवेगळ्या देशांच्या माणसांना हे एकत्र म्हणताना ऐकलंय. याच नावाचं क्रिस्टोफर क्रॉसचं १९८० चं दुसरं गाणं आहे, तेही गोड आहे पण ते सुट्टीवर गेलेल्या माणसाचं वाटतं, रॉडचं घरी परतणाऱ्याचं.

स्लूप जॉन बी. स्लूप म्हणजे एका डोलकाठीचं शिडाचं गलबत. हे बहामा बेटांवरचं लोकगीत, कोणी लिहिलं माहीत नसलेलं, १९२७ मध्ये कार्ल सँडबर्गने आपल्या लोकगीतांच्या संग्रहात छापलं, आणि १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बीच बॉइजनी ते गायलं. गोष्ट एवढीच की आजोबांबरोबर नातू सफरीवर निघालाय, बोटीवर दारू, मारामारी, जेवणाची बोंब, आणि त्याला फक्त घरी जायचंय. चाल इतकी आनंदी की आधी लक्षातच येत नाही की माणूस रडकुंडीला आलाय. मध्ये एके ठिकाणी सगळी वाद्यं थांबतात आणि नुसते आवाज उरतात, एकावर एक, पाच-सहा थरांत. ती जागा आली की मी हातातलं काम थांबवतो.

तिसरं आणि माझं सगळ्यात लाडकं, सिटिन ऑन द डॉक ऑफ द बे. सिटिन ऑन हे कंसात आहे, पण वर सावंतवाडीच्या मास्तरांनी निकाल दिलाय, कंस धरायचा. ओटिस रेडिंग, अमेरिकेतल्या जॉर्जियाचा काळा गायक, स्टेजवर आग ओकणारा. १९६७ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटोला एका हाउसबोटीवर राहत असताना त्याने हे सुरू केलं, नंतर गिटारवाला स्टीव्ह क्रॉपर याच्याबरोबर पुरं केलं, मेम्फिसला नोव्हेंबर-डिसेंबरात रेकॉर्डिंग झालं आणि १० डिसेंबरला विमान अपघातात तो गेला. २६ वर्षांचा होता. क्रॉपरने मग त्यात लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज घातले आणि गाणं मार्च १९६८ मध्ये एक नंबरला पोचलं, गायक ते बघायला नव्हता. शेवटी शीळ आहे. नुसता धक्क्यावर बसून बोटी येताना जाताना बघणारा माणूस, काम नाही, घर लांब, आणि तक्रार पण फारशी नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरावर संध्याकाळी असे निदान चार जण मी तुला दाखवीन.

---

मिरकरवाडा_रेश्मा

समुद्राचं विचारलंय आणि अजून कोणी समरटाइमचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितेय. सगळे याला निवांत उन्हाळ्याचं गाणं समजतात, कॅफेमध्ये मागे लावतात. ते कोळ्यांच्या वस्तीतलं अंगाईगीत आहे.

जॉर्ज गर्श्विनचा १९३५ चा ऑपेरा आहे, पोर्गी अँड बेस, शब्द ड्यूबोस हेवर्डचे. गोष्ट घडते अमेरिकेत साउथ कॅरोलायनामध्ये, चार्ल्स्टन बंदराच्या कॅटफिश रो नावाच्या चाळीत, तिथे काळी माणसं राहतात, बरेचजण मासेमारीवर. लिहायच्या आधी गर्श्विन १९३४ च्या उन्हाळ्यात तिथल्या फॉली बेटावर जाऊन राहिला होता, तिथल्या लोकांचं गाणं ऐकायला. तर सुरुवातीलाच क्लारा नावाची तरुण आई बाळाला झोपवत हे गाते. मासे भरपूर, बाबा पैसेवाला, आई सुंदर, मग बाळा रडतोस कशाला, असा सगळा सूर. पण यातलं काहीच खरं नाहीये, ते गरीब आहेत, आणि तिचा नवरा जेक मच्छीमार आहे, वादळाचे दिवस आहेत म्हणून ती त्याला जाऊ नको सांगते, तो पोराच्या शिक्षणासाठी पैसे हवेत म्हणून जातो. वादळ येतं. तिला खिडकीतून त्याची उलटलेली बोट दिसते, ती बाळाला बेसच्या हातात देते आणि बाहेर धावते. दोघं परत येत नाहीत. नंतर बेस त्याच बाळाला मांडीवर घेऊन तेच गाणं म्हणते. तेच शब्द, तीच चाल, आई आणि बाबा ठीक असल्याचं सांगणारं.

मला हे कॉलेजात कोणीतरी सांगितलं आणि घरी येऊन मी ते परत ऐकलं. आमची बोट आहे, बाबा स्वतः तांडेल होते. नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं तेव्हा मी शाळेत होते, जेट्टीवर बायका उभ्या, कोणाची बोट कुठे पोचली, कोण जयगडला शिरलं, कोणाचा वायरलेस लागत नाही, एवढंच बोलणं. आमचे परत आले. सगळ्यांचे आले नाहीत. त्यामुळे समरटाइमला कोणी 'चिल' गाणं म्हटलं की मला आतून लागतं.

ऐकायचं असेल तर एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँगचं ऐका, १९५७ मध्ये रेकॉर्ड केलेलं. आधी लुईचा ट्रम्पेट, मग एला, आवाज इतका सरळ आणि स्वच्छ की खरंच कोणीतरी थोपटतंय असं वाटतं, मग लुईचा तो खरखरीत आवाज, आणि शेवटी दोघं एकत्र. मला नेहमी वाटतं की एला म्हणजे क्लारा आणि लुई म्हणजे बाळाचा आजा. त्यानंतर जॅनिस जॉपलिनचं १९६८ चं लावा. तिथे झोपवणं वगैरे काही नाही, ती ओरडते, आवाज फाटतो, जणू शेवट आधीच माहीत असलेली बाई गातेय. दोन्ही एकाच गाण्यात बसतात हे मला अजून अजब वाटतं.

निलदादा, तुमच्या आत्या अंगाईच्या सुरात हे म्हणू शकतील. सूर बदलला तरी चालेल, फक्त घाईत नको.

---

सिस्टर_दापोली

रेश्मा, तुझं वाचून थांबले थोडी. मग परत आले.

माझं छोटंसंच, पण स्पर्धेत 'एक खरी गोष्ट' सांगायची आहे म्हणून. स्टेइंग अलाइव्ह, बी जीज, १९७७. मी नर्स आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबताना मिनिटाला १०० ते १२० असा वेग ठेवायचा असतो, आणि हे गाणं साधारण १०३ च्या वेगाचं आहे, म्हणून सीपीआर शिकवताना जगभर हेच मनात म्हणायला सांगतात. नावाचा अर्थ पण जिवंत राहणं, म्हणजे विसरणं शक्यच नाही. आम्ही गावातल्या बचत गटाच्या बायकांना शिकवलं तेव्हा त्यांना इंग्लिश येत नव्हतं पण ठेका पाच मिनिटांत बसला, कारण ठेक्याला भाषा लागत नाही.

आणि अजून एक, तो ठेका इतका एकसारखा का आहे माहितीये? रेकॉर्डिंगच्या वेळी त्यांच्या ड्रमवाल्याच्या घरी कोणीतरी वारलं होतं, तो निघून गेला होता, मग त्यांच्याच नाइट फीव्हर गाण्यातला ड्रमचा छोटा तुकडा टेपवर कापून गोल जोडला आणि तोच परत परत वाजवला. गणपतीत माणसं खूप असतात, वयस्कर असतात, गर्मी असते, जागरणं असतात. गाणं म्हणताना कोणीतरी उशीवर हात ठेवून छाती कशी दाबायची ते दाखवा, कोपर सरळ, छातीच्या मधोमध, जोर लावून. मजा पण होईल आणि घरात कोणाला तरी ते येत असेल. आणि १०८ ला फोन लावायचा हे पण सांगा.

---

भाट्येकर_निल

तुम्हा सगळ्यांचं वाचून दोन दिवस घरात हेच चाललंय. रात्री लाइट गेली की मोबाइलवर उतरवून ठेवलेली गाणी लावतो, बाहेर पाऊस, आणि आम्ही एकामागून एक एसवाली गाणी ऐकतोय.

रेश्मा, समरटाइमची पूर्ण गोष्ट मी आत्याला फोनवर सांगितली. ती काही बोलली नाही, थोड्या वेळाने म्हणाली मला मराठी अक्षरात शब्द लिहून पाठव. ती म्हणणार. काकूंना सेलिंग दिलंय, धाकट्या काकूने पहिल्याच दिवशी सूर पकडला, तिचा आवाज जाड आहे त्यामुळे तिला रॉड स्ट्यूअर्ट फारच जवळचा वाटला. स्टेइंग अलाइव्ह बायको करणार, उशी घेऊन. पुतण्याचं स्पेस ऑडिटी ठरलेलं. डॉक ऑफ द बे मी माझ्याकडे ठेवलंय. भाट्याच्या पुलावरून घरी येताना रोज ऐकतोय, शीळ जमायला लागलीय.

स्ट्रेंज फ्रूटबद्दल लिहीन म्हटलं होतं. कॅसेटवाले काका, ते मी स्वतः कधीच शोधलं नसतं, कोणत्याही ॲपने मला ते दिलं नसतं. तिच्या आवाजात शेवटच्या शब्दावर जो सूर लटकत राहतो तो मला दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये पण ऐकू येत होता. मग तिची बाकीची गाणी पण ऐकायला घेतली, आता अक्षराचं बंधन सोडून.

एकच जागा राहिलीय. शेवटी सगळ्या गटाने मिळून एक म्हणायचं असं ठरलंय. स्टँड बाय मी समोरच्या गटातल्या पोरांना पाठ आहे, ते मध्ये घुसतील. दुसरं काही सुचवा, दोन भागांत गाता येईल असं.

---

सूर_सावंतवाडी

मग स्कारबरो फेअर घ्या दादा. स्कारबरो हे इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं समुद्रकाठचं गाव, तिथे मध्ययुगात १५ ऑगस्टपासून पुढे ४५ दिवस मोठी जत्रा भरायची, व्यापारी बोटींनी लांबून यायचे. गाणं कित्येक शतकं तोंडोतोंडी चालत आलेलं. जत्रेला जाणाऱ्या माणसाकडे एकजण निरोप देतो की तिथे माझी एक जुनी सखी राहते, तिला सांग की शिवण न घालता सदरा शिव, मग ती माझी. अशा एकेक अशक्य अटी. जुन्या रूपात तिकडून ती पण तसल्याच अटी घालते, समुद्र आणि किनाऱ्याच्या मधली जमीन शोध वगैरे. पॉल सायमन हे लंडनमध्ये मार्टिन कार्थीकडून शिकला आणि १९६६ मध्ये सायमन आणि गारफंकलने गायलं. त्यात दुसऱ्या आवाजात एक वेगळंच गाणं विणलंय, युद्धावरचं, नीट ऐकलं तरच सापडतं.

तुम्ही ते विणकाम सोडून द्या. बायकांनी एक अट गायची, पुरुषांनी दुसरी, आणि दर कडव्यात येणारी ती चार वनस्पतींच्या नावांची ओळ सगळ्यांनी मिळून. ती ओळ एकदा बसली की लहान पोरं पण सोडत नाहीत. ठेका तीन मात्रांचा आहे, आपल्या दादऱ्यासारखा सहज डोलतो, त्यामुळे ओटीवर भजनाला तबलेवाला असेल त्याला थांबवून घ्या. गिटार कोणी वाजवणार असेल तर कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चाप) सातव्या पट्टीवर लावून ए मायनरच्या आकारात धरा, मूळ तसंच आहे, काकूंना उंच वाटलं तर कॅपो पाचवर आणा. कॉर्ड मी लिहून पाठवतो आज रात्री, तुमच्याकडे रेंज कधी असते ते कळवा.